भुईवर निजण्याची तालीम

आश्विन शुद्ध १५, रविवार. कोजागिरी.

अंगणात दूध झाले. चि. वासू दसऱ्यापासून घरी आहे, उद्या पुण्यास परत. पावसाळाभर पुण्याच्या कचेरीत नकाशे काढायचे आणि दिवाळी उलटली की आठ महिने मोजणीच्या तंबूत रानोमाळ हिंडायचे, अशी त्याची नोकरी. यंदा मोजणी मुरबाडच्या बाजूस आहे. म्हणजे इथून, कल्याणहून, एका दिवसाची गाडीवाट.

तंबूच्या गोष्टी सांगताना हा मुलगा हसतो, हात हलवतो. आंब्याखाली चूल कशी मांडतात, पहाटे धुके कसे असते. एरवी माझ्यासमोर बसला की सुपारी कातरतो आणि अडकित्त्याकडे बघतो. मीही अडकित्त्याकडेच बघतो.

मी म्हटले, यंदा महिनाभर मी येतो तुझ्याबरोबर.

सगळी हसली. सौ. ने पदर तोंडाला लावला. सूनबाई आत पळाली. वासू म्हणाला, "दादा, तिथं पलंग नाही. भुईवर निजावं लागतं. तुम्हांला इथं दोन उशा डोक्याला, एक पायांखाली, तरी सकाळी कंबर धरते."

मी म्हटले, निजेन.

"दिवाळीला येईन तेव्हा भुईवर झोप लागत असली तर नेतो. नाही तर नाही."

चारचौघांत बोलला. आता त्याला मागे घेता येणार नाही. मलाही.

वद्य १, सोमवार.

वासू सकाळच्या गाडीने गेला. तो गेल्यावर आठवले की वाघाचे विचारायचे राहिले. साप, विंचू हे घरीही निघतात, त्यांचे एवढे नाही. थंडीचे आहे. दहिवराचे आहे. रात्री उठावे लागते, त्याचे आहे. अंधारात तंबूच्या दोऱ्या पायात येतात म्हणे.

जावे की नाही? पण जन्मभर भाताच्या वखारीत मापे मोजली, मुलगा कधी वाढला ते कळले नाही. आता तो तंबूत बोलत असेल तर तंबूत जाणे भाग आहे.

वद्य २, मंगळवार.

तालीम पहिली. माजघरात चटई, तिच्यावर सतरंजी.

माझ्या अंगात इतकी हाडे आहेत हे ठाऊक नव्हते. कुशीवर वळलो की खुबा टोचतो, उताणे निजलो की पाठीचा मणी. निजण्याहून उठणे कठीण. खांबापर्यंत हातापायांवर गेलो आणि खांब धरून उभा राहिलो. सौ. चूल पेटवीत होती. म्हणाली, "इकडून रांगायचं पुन्हा सुरू झालं वाटतं."

चटई गुंडाळून ठेवली.

वद्य ४, गुरुवार.

पलंगावरची गादीच खाली घेतली. झोप उत्तम. मग सुटलाच की प्रश्न, असे वाटले.

नाही सुटला. गादीची वळकटी बांधायला गेलो. मी एका टोकावर गुडघे टेकून, सूनबाई दोरी घेऊन. दोरी सुटली, गादी उलगडली, तांब्या लवंडला. बांधून झाली तेव्हा गाभण म्हशीएवढी दिसू लागली. गाडीत ती बसेल किंवा मी.

तरी परीक्षा म्हणून रात्री अंगणात टाकून ठेवली. पहाटे दहिवर पिऊन अशी जड झाली की आम्हा दोघांना ओढवेना. आता उन्हात. सौ. येता-जाता तिच्याकडे बघते, माझ्याकडे बघत नाही.

वद्य ६, शनिवार.

कालपरवा काय सुचले ते लिहितो. जन्म वखारीत गेला. तरुणपणी दुपारी भाताच्या गोणीवर आडवा झालो की मापारी हाका मारमारून थकत. तेव्हा आता गोणच अंथरायची. जुने बारदान घेतले, उसवून त्यात पेंढा भरला, शिवले. वास आला तोच, वखारीचा. डोळे भरून आले, काही अंशी धुळीने.

पण फार बोलतो पेंढा. हाताचे बोट हलवले तरी कुजबुज. आतून सौ. चा आवाज, "उंदीर आहे की स्वारी?" मग रात्रभर न हलता पडून राहिलो. सकाळी मान वळेना.

वद्य ७, रविवार.

पेंढ्याचा बिछाना मागल्या दारी उन्हात टाकला होता. शेजारच्या विठाकाकूंची गाय सुटली आणि उशाकडची बाजू खाऊन गेली. काकू ओशाळून आल्या. गाईने काय खाल्ले ते त्यांना समजेना. माझा बिछाना, असे मी सांगितले. त्या माझ्याकडे फार वेळ बघत राहिल्या. मग सौ. ला हळूच म्हणाल्या, "भावजींची प्रकृती बरी आहे ना?"

एक गोष्ट ध्यानात आली. गाडीला बैल असणार. बैलांजवळ पेंढ्यावर निजणे म्हणजे त्यांच्या ताटात निजणे. बारदान रद्द.

पाठ फारच धरली आहे. दोन-चार दिवस पलंगावर. वासूला कळवू नका म्हणून सर्वांना सांगितले.

वद्य ८, सोमवार.

करीम पिंजारी रस्त्याने धनुकली वाजवीत चालला होता, त्याला बोलावले. ओटीवर टेकला. "गादी कुणाला आजोबा? नवा जावई आलाय?"

म्हटले, मला. तंबूत निजायला.

त्याने धनुकली खाली ठेवली. "लढाई कुठं लागली?"

हसून घेतले दोघांनी. मग कामाचे बोलणे झाले. त्याचे म्हणणे, सावरीचा कापूस घ्यावा. वजन नाही आणि पाणी धरीत नाही. मात्र त्याला धनुकली लावायची नाही, सगळा उडून आळीभर होतो. हातानेच भरायचा. एक पोते देऊन गेला. पोते उचलले तर रिकामे आहे की काय असे वाटले.

वद्य १०, बुधवार.

सावरीच्या पिशवीवर निजून पाहिले. पहिला प्रहर स्वर्ग. पुढे कापूस आपला दोन्ही बाजूंना निघून जातो आणि मधे मी आणि भुई. सकाळी दोन्ही कडांना डोंगर, मधे उल्हास नदीसारखा मी.

शिवाय दुसरी काळजी. कापूस सुताच्या खोळीत. तंबूत कोण कोण येणार, शिवाशीव होणार, सुताचे अंथरूण ओवळे होणार. रोज धुणार कोण? लोकरीला विटाळ नाही. म्हणून धनगराकडून काळी घोंगडी घेतली. ओल वर येऊ देत नाही, उबदार आहे. पण चावते. आणि हाडांना तिचा काही उपयोग नाही.

म्हणजे जी मऊ ती ओवळी आणि जी सोवळी ती टणक. दोन्ही अंथरुणे समोर ठेवून बसलो. सौ. दोनदा येऊन बघून गेली.

वद्य ११, गुरुवार.

दुपारी उठून बघतो तो सौ. ने घोंगडी दुमडून तिच्या पोटात सावरी पातळ पसरली आहे आणि गोधडीला घालतात तसे आरपार टाके घालते आहे, कापूस पळू नये म्हणून. वर माझे जुने धोतर नुसते टाचले, चावू नये म्हणून. ते रोज काढून धुता येईल. टाका तोडताना एवढेच म्हणाली, "गाय खाणार नाही हे."

तीन घड्या केल्या की काखेत मावते.

लोकरीच्या पोटात कापूस, हे सोवळे की ओवळे? कुणाला विचारावे? रा. शास्त्रीबुवांना विचारले तर गावभर होईल. आक्काला विचारू. माझी थोरली बहीण, ठाण्याला कोपरीत असते, सोवळ्यात शास्त्रीबुवांना ऐकत नाही.

आज रात्री यावर निजणार. उद्या वासू येतो.

वद्य १३, शनिवार. धनत्रयोदशी.

काल लिहिणे झाले नाही. काल मी मेलो होतो.

झाले ते असे. परवा रात्री नव्या अंथरुणावर निजलो खरा, पण झोप लागते की नाही हे बघण्यातच रात्र गेली. सकाळी स्नान, जेवण झाले. म्हटले थोडे पडावे. माजघरातली भुई सूनबाईने दिवाळीसाठी नुकती सारवली होती, गार होती. तिथे घोंगडीचे अंथरूण टाकले. वारा उत्तरेच्या खिडकीतून येतो म्हणून डोके तिकडे केले. पाय आपोआप दक्षिणेला. आणि लागली. गोणीवर लागायची तशी.

सौ. बाजारात गेली होती. सूनबाई विहिरीवर. विठाकाकूंनी तिला विचारले, मामंजी दिसत नाहीत कुठे? तिच्या डोक्यावर हंडा, घाईत होती. म्हणाली, "काल रात्री त्यांना खाली घेतलं."

पोरीचे काही चुकले नाही. पलंगावरून खालीच घेतले होते मला. पण आपल्याकडे माणसाला खाली घेतात ते कधी, हे त्या क्षणी तिच्या ध्यानात आले नाही. काकूंच्या मात्र आले. गाईपासून त्यांना संशय होताच. त्या दारातून डोकावल्या. सारवलेली भुई, खाली घोंगडी, पाय दक्षिणेला, तोंड उघडे. झाले.

काकूंचे यजमान कामाला ठाण्यास निघाले होते, त्यांच्याबरोबर आक्काला निरोप गेला. आळीतली माणसे एकेक येऊन ओटीवर बसू लागली. सूनबाई परसात करंज्या तळत होती. तिला वाटले, दिवाळीच्या भेटीला आली मंडळी. तिने सर्वांना पाणी दिले. कोणी प्याले नाही, याचे तिला नवल वाटले.

दुपारच्या गाडीने आक्का आली. तिच्या सासऱ्यांनी काशीहून आणलेला गंगेचा गडू, लाखेने बंद केलेला, इतकी वर्षे देवघरात होता, तो घेऊन. पाठोपाठ पुण्याच्या गाडीने वासू. दोघांची स्टेशनावर चुकामूक झाली ते बरे झाले म्हणावे की वाईट, कळत नाही. वासूला दाराशी चपलांचा ढीग दिसला. त्याने ट्रंक रस्त्यात टाकली.

मला जाग आली ती नाकात पाणी गेल्याने. ठसका लागला. उठून बसलो तर समोर आक्का, हातात पळी. दारात माणसे. विठाकाकू किंचाळून बाहेर. आणि वासू बूट घालून थेट माजघरात, सारवलेल्या भुईवर, माझा पाय दोन्ही हातांनी धरून. "दादा" म्हणत होता. लहानपणी ताप आला की म्हणायचा तसे.

मी म्हटले, अरे, निजलो होतो.

मग आक्का म्हणाली, "मेल्या, गडू माझ्यासाठी ठेवला होता. फोडला तुझ्यापायी. आता तू उठून बसलास, माझ्या वेळेला मी काय पिऊ?"

तेव्हा जे हसू लोटले ते दिवे लागेपर्यंत. ओटीवरच्या मंडळींना करंज्या दिल्या. सौ. बाजारातून आली तर घरात माणसे, हशा, आणि नवरा ओल्या मिशांनी मधे बसलेला. तिला सांगितले तेव्हा हसली नाही. आत गेली. बऱ्याच वेळाने आली, डोळे लाल. धूर फार आहे म्हणाली.

वासूने पाय सोडला तो सर्वांत शेवटी. म्हणाला, "झोप लागते की."

लागते.

"जरा जास्तच लागते."

कार्तिक शुद्ध २, बुधवार. भाऊबीज.

आक्काने ओवाळले. ओवाळताना म्हणाली, औक्षवंत हो, आणि निजताना कुणाला तरी सांगून नीज.

सोवळ्याचे विचारले. तिने वरचे धोतर काढून अंथरूण उलटसुलट केले, हुंगले. म्हणाली, वरून लोकर आहे ना, मग सोवळे. मी म्हटले, पण पोटात कापूस आहे. "तुझ्या पोटात काय आहे ते देव बघतो का रोज? वरून जानवं दिसतं, चालतं." निकाल लागला.

पण वासू मुरबाडचे नाव काढीत नाही. झोप लागली ही गोष्ट दहा माणसांच्या साक्षीने सिद्ध आहे. तरी काढीत नाही.

शुद्ध ५, शनिवार.

समजले. मी देवघरात होतो, मायलेक स्वयंपाकघरात. वासू आईला म्हणत होता, इथे आळी आहे, आक्का आहे, वैद्य आहे. तिथे खरेच काही झाले तर मी एकटा काय करू? चपला बघितल्या तेव्हा माझे काय झाले ते मलाच ठाऊक.

सौ. काय बोलली ते ऐकू आले नाही. भांडी घासल्याचा आवाज आला.

म्हणजे झोप लागत नाही म्हणून नेणार नव्हता, आणि लागली म्हणून नेत नाही. कुठे जावे माणसाने? चांगले जागत पडलो असतो तर बरे झाले असते. अंथरूण गुंडाळून माळ्यावर टाकले. संध्याकाळी पुन्हा काढले. माळ्यावर उंदीर आहेत.

शुद्ध ८, मंगळवार.

वासू सुपारी कातरत होता. मी अडकित्त्याकडे बघत होतो. एकदा म्हणणार होतो, नेतोस का? अडकित्ता वाजला, राहिले.

आक्का अजून आहे. तुळशीचे लग्न करून जाणार. तिच्याजवळ बोललो.

शुद्ध ९, बुधवार.

आज आक्काने कमाल केली. वासू जेवायला बसला असता फोडलेला गडू आणून त्याच्या पाटाशी ठेवला. "हा तू ने. लाख फुटली, वारा लागला, आता माझ्या कामाचा नाही. बापाला तंबूत घेऊन जा, नि हा उशाशी ठेव. काही झालंच तर तुझ्याजवळ गंगा आहे. नाही झालं तर आमटीला पाणी कमी पडतं तेव्हा घाल."

वासू भाताकडे बघत होता. खांदे हलू लागले. मला वाटले रडतो की काय. हसत होता. ठसका लागला, सूनबाईने पाणी दिले.

"बरं," म्हणाला. "पण महिना नाही. आधी जाऊन बघायचं. गाडी गुरुवारी परत येते. झोप लागली नाही, खोकला झाला, काही झालं, तर त्याच गाडीनं परत."

मी म्हटले, कबूल. मग वाघाचे विचारले.

"यंदा नाही ऐकला."

हे 'यंदा' मला आवडले नाही.

शुद्ध १२, शनिवार.

तुळशीचे लग्न लागले. ऊस, चिंचा, आवळे. सामान बांधले. अंथरूण, कानटोपी, काठी, सुंठ, गडू. सौ. ने वळकटी स्वतः बांधली. अशी बांधली की सोडायला मला सुरी लागेल. म्हटले, करमेल ना? म्हणाली, "पलंग मोकळा मिळतोय. तेवढं पाय दक्षिणेला करून निजू नये म्हणजे झालं."

पहाटे निघणे. काहीतरी विसरतो आहे असे सारखे वाटते.

शुद्ध १५, मंगळवार. मुक्काम मुरबाडच्या अलीकडे, आमराईत.

परवा संध्याकाळी पोचलो. गाडीने अंगाचा भुगा केला. काल दिवसभर पडून होतो. आज लिहितो. वासू मोजणीची साखळी घेऊन माणसांबरोबर शेतांत गेला आहे. इथून त्याचा आवाज ऐकू येतो, मोठ्याने बोलतो इथे.

विसरलो होतो ते काय, ते कळले. अडकित्ता. सुपारी आहे, कातरायला काही नाही.

गंमत अशी झाली. रावसाहेबांचे, म्हणजे वासूचे, वडील आले म्हणून पाटलाने काल बाज पाठवली. नवी, सुंभाने विणलेली. वासू खूश. "दादा, तुमचं काम झालं. आता भुईची कटकट नको." इतका खटाटोप केला आणि शेवटी बाज! पाटलाचा मान म्हणून तिच्यावर निजलो. झोळीत घातल्यासारखे वाटले. पाठीला भुई लागेना. उतरलो, घोंगडी पसरली, आडवा झालो. पाय कुठे आहेत ते आधी बघून घेतले.

थोड्या वेळाने वासूही आपली सतरंजी ओढून शेजारी आला. म्हटले, तू बाजेवर नीज. नको म्हणाला. बाजेवर आता गडू ठेवला आहे.

मग बोलू लागला. नोकरीच्या पहिल्या वर्षी भुईवर त्याला महिनाभर झोप लागली नाही म्हणे. धोतर दुमडून खुब्याखाली घालायचा. कुणाला बोलला नाही. मी म्हटले, मला तरी सांगायचे. तर म्हणाला, "तुम्ही काय म्हणाला असता?"

विचार केला. तेव्हा मी म्हणालो असतो, नोकरी सोड. तसे सांगितले. हसला. मग त्याने अंधारात हात पुढे करून माझ्या अंथरुणाखाली चाचपून पाहिले, दगड आहे का ते. एक होता, तो काढला. पुढे काय काय सांगत होता. साहेबाचे, एका नदीचे, त्याच्या मुलीचे नाव काय ठेवायचे ते. मुलगीच होणार असे त्याचे म्हणणे. घरात हे कुणाला सांगितलेले नाही. मला तर सूनबाईचे काहीच ठाऊक नव्हते. विहिरीवरून हंडा आणू देऊ नये आता.

कोंबडा आरवला तेव्हा बोलत होतो.

म्हणजे झोप काही लागली नाही. डोळ्याला डोळा नाही. आणि झोप नाही तर परत असे ठरलेले, गाडी परवा, गुरुवारी, सकाळी कल्याणला परत जाते.

सकाळी तोंड धुताना वासूने विचारले, "दादा, लागली का झोप?"

खोटे बोलवेना. खरे बोलावे तर करार आहे. त्याचेही डोळे लाल होते, जांभई देत होता, आणि माझ्याकडेच बघत होता.

म्हटले, आज पुन्हा बघतो.

"मीही बघतो," म्हणाला.